रत्नागिरीत राहायचं की गणपतीपुळ्यात? चार दिवसांच्या प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्याहून पाच माणसं, त्यांत सत्तरी ओलांडलेले आईबाबा आणि दहा वर्षांची मुलगी. डिसेंबरात चार दिवस मोकळे आहेत. मुक्काम गणपतीपुळ्याला करावा की रत्नागिरी शहरात? आणि ज्यांना ज्यांना विचारलं ते म्हणतात की शहर अर्ध्या दिवसात उरकतं, ते खरं का?

मुक्काम शहरात करा. तीनही रात्री. गणपतीपुळ्याला एक दिवस जाऊन या. मी रत्नागिरीत पाहुण्यांच्या राहण्या-फिरण्याची व्यवस्था पाहतो, म्हणून गावाची बाजू घेतोय असं वाटेल. पण बाजू घ्यायला कारणं आहेत, आणि ती सांगितल्याशिवाय तुम्हाला निवड करता येणार नाही.

अर्ध्या दिवसात उरकतं ते असं. गणपतीपुळ्याहून गाडी दहा वाजता निघते, अकराला थिबा राजवाडा, बाराला टिळकांचं जन्मस्थान, मग मत्स्यालय, भर उन्हात किल्ला, जेवण आणि परत. या सगळ्यात समुद्र दिसतो तो गाडीच्या काचेतून. रत्नागिरी हे सकाळ-संध्याकाळचं गाव आहे. दुपारी बारा ते चार इथली माणसंसुद्धा विनाकारण बाहेर पडत नाहीत. पहाटे साडेसहाला बंदरावर आणि संध्याकाळी साडेपाचला मांडवीवर असायचं तर मुक्काम इथेच हवा.

आधी गावाची ठेवण समजून घ्या. रत्नदुर्ग किल्ल्याचं टोक समुद्रात घुसलं आहे. त्याच्या दक्षिणेला मांडवीचा किनारा, तिथली वाळू काळी. पुढे काजळी नदीची खाडी येऊन मिळते आणि पूल ओलांडला की भाट्याची लांब, सपाट पुळण. उत्तरेला मिऱ्याच्या दिशेने गेलं की पांढरा समुद्र, म्हणजे पांढऱ्या वाळूचा किनारा. एकाच शहराला काळी आणि पांढरी अशा दोन्ही वाळू आहेत. मात्र मिऱ्याच्या बाजूला समुद्राने किनारा फार खाल्ला आहे. दगडी बंधारे घातले आहेत आणि बऱ्याच ठिकाणी वाळूपेक्षा दगडच दिसतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज याच मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं होतं. म्हणून ‘पांढरा समुद्र’ हे नाव ऐकून कोणी जुने फोटो दाखवले तर त्या अपेक्षेने जाऊ नका. चालायला, बसायला, मुलीला वाळूत खेळायला भाट्ये घ्या. सुरूचं बन आहे, दुसऱ्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ आहे, आणि आईबाबांना पुळणीपर्यंत फार चालावं लागत नाही.

आता ज्या गोष्टीवर तुमच्या चारही दिवसांची मजा अवलंबून आहे ती सांगतो: भरती-ओहोटी. हॉटेल निवडायला लोक आठवडा घालवतात, पण त्या दिवशी पाणी किती वाजता कुठे असेल हे बघत नाहीत. किनाऱ्यावरच्या माणसाला त्यासाठी पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, पुन्हा तितक्याच वेळाने भरती. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीचा बेत करायला पुरेसा आहे. नेमकी वेळ हवी तर भरतीचं कोष्टक पाहा.

यातून काय निघतं बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी भरती आणि सूर्यास्ताला ओहोटी. म्हणजे संध्याकाळी भाट्याची पुळण अगदी रुंद, ओली वाळू टणक, आईबाबा चपला हातात घेऊन सहज चालतील. पौर्णिमा असेल तर पश्चिमेला सूर्य बुडतो त्याच सुमारास गावाच्या मागे चंद्र वर येतो. उलट अष्टमीच्या आसपास संध्याकाळी पाणी वर चढलेलं असतं, किनारा अरुंद होतो, पण दुपारी ओहोटी असल्याने खडक उघडे पडतात. डिसेंबरच्या तारखा तुमच्या हातात असतील तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे दोन दिवस पकडा. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र टाळा. गर्दी गणपतीपुळ्यात जास्त, पण तिची झळ शहरातल्या खोल्यांच्या भाड्यालाही लागते.

याच हिशेबाची दुसरी बाजू जिवाशी संबंधित आहे, ती नीट वाचा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो आणि पाणी ओसरताना ओढ जबर असते. चालायला सर्वांत सुंदर ती संध्याकाळ पोहायला सर्वांत वाईट. गणपतीपुळ्याचा किनारा उतरता आहे, चार पावलांत पाणी कमरेचं छातीला येतं. तिकडे जाताना वाटेत लागणाऱ्या आरे-वारेच्या किनाऱ्यालाही आतून ओढ आहे. दोन्हीकडे पोहता येणारी, तरणीताठी माणसं बुडाली आहेत. मुलीला पाण्यात खेळवायचं तर भाट्ये, पाणी चढतं असताना, घोट्यापर्यंत, आणि तिचा हात मोठ्या माणसाच्या हातात. खाडीच्या मुखाकडे अजिबात जायचं नाही. स्थानिक माणूस ‘आज नको’ म्हणाला तर का ते विचारत बसू नका, पाण्याबाहेर या.

एक सकाळ मिरकरवाड्याला द्या. किल्ल्याच्या पायथ्याचं हे मासेमारी बंदर मला रत्नागिरीचं सर्वांत जिवंत ठिकाण वाटतं आणि सहलीच्या यादीत ते क्वचितच असतं. सकाळी नौका लागतात, मासळी उतरते, बर्फ फुटत असतो आणि धक्क्यावर लिलाव सुरू होतो. ढीग मांडला जातो, बोली चढते, दोन मिनिटांत व्यवहार संपतो आणि ढीग टोपल्यांत जातो. बांगडा, तारली, म्हाकूल, कोळंबी, सुरमई, कधी शेवंड. शहरातल्या बाजारात पाच-सहा जाती पाहिलेल्या मुलीला इथे एका सकाळी वीस दिसतील. खारवी, भंडारी, दालदी मुसलमान अशा सगळ्या दर्यावर्दी समाजांची माणसं इथे कामात असतात. ती कामात आहेत हे लक्षात ठेवून वागायचं: वाटेत उभं राहायचं नाही, माणसांचे फोटो विचारूनच काढायचे, आणि नाकाला रुमाल लावून तर मुळीच फिरायचं नाही. जमीन ओली आणि निसरडी असते, त्यामुळे आईंना गाडीत किंवा धक्क्याच्या सुरुवातीलाच बसवा. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत येणाऱ्यांना हे दृश्य मिळत नाही, आणि ‘ताजी सुरमई’ असं कोणी म्हणालं तर ती शीतगृहातली असते हेही समजून असावं.

बंदर पाहिलंत की दुपारचं जेवण कुठे घ्यायचं हा प्रश्न सोपा होतो. मोठी पाटी आणि दहा पानी मेनू असलेल्या ठिकाणापेक्षा साधी खानावळ शोधा आणि बसल्यावर पहिला प्रश्न ‘आज काय आलंय?’ असा विचारा. सुरमई-पापलेटच्या मागे सगळे लागतात. तुम्ही बांगडा किंवा सौंदाळा घ्या, निम्म्या पैशांत त्याहून चवदार जेवाल. बरोबर तांदळाची भाकरी आणि सोलकढी. आईबाबा शाकाहारी असतील तरी अडचण नाही. कुळथाचं पिठलं, बिरडं, घावन-चटणी, उकडीचे मोदक घरगुती जेवण देणाऱ्यांकडे आदल्या दिवशी सांगितलं की मिळतं. ओल्या काजूची उसळ मात्र डिसेंबरात मागू नका, ती फेब्रुवारीपासून. आणि हापूस मार्चअखेर ते मे. डिसेंबरात ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका. त्या वेळी बागांत मोहर फुटायला लागलेला असतो. सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरून, जाताना गाडीच्या काचा खाली करा, त्या वासासाठी.

थिबा राजवाड्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तो पाहून बहुतेक पाहुणे दहा मिनिटांत बाहेर येतात, आणि त्याला कारण म्हणजे त्यांना कथा कोणी सांगितलेली नसते. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला मंडालेहून पकडून नेलं. आधी मद्रास आणि १८८६ मध्ये रत्नागिरी. तेव्हा इथे रेल्वे नव्हती, धड रस्ता नव्हता. जाणं-येणं बोटीने, आणि पावसाळ्यात तेही बंद. पदच्युत राजाला ठेवायला याहून सोयीची जागा कुठली? राजा, राण्या आणि राजकन्या इथे जवळपास तीस वर्षं राहिल्या. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे आयुष्याची बहुतेक कैद त्याने इतर बंगल्यांत काढली आणि हा वाडा त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाला. जांभ्या रंगाच्या भिंती, लाकडी कोरीवकामाच्या अर्धगोल खिडक्या, खाडीकडे तोंड. ब्रह्मी वळण आणि कोकणातलं बांधकाम एकमेकांत मिसळलेलं आहे. थिबाची समाधीही याच शहरात आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिचं दर्शन घ्यायला आले होते. राजाच्या मृत्यूनंतर राणी सुपयालात ब्रह्मदेशात परत गेली. थोरली राजकन्या मात्र तिकडे जाऊनही पुन्हा रत्नागिरीला आली आणि शेवटपर्यंत इथेच राहिली. मुलीला ही गोष्ट आधी सांगा आणि मग त्या खिडक्यांपाशी उभं करा. वाड्यात पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे आणि सोमवारी ते बंद असतं, तेव्हा दिवस बघून जा. तिथून जवळच थिबा पॉइंट आहे. खाली राजिवड्याची वस्ती, खाडी, भाट्याचा पूल आणि पलीकडे समुद्र. पहिल्या संध्याकाळी प्रवासाने थकलेल्या माणसांना हेच ठिकाण योग्य, चढ-उतार काही नाही.

सावरकरांनाही १९२४ ते १९३७ या काळात याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं गेलं. त्या काळात १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. ते शहराच्या मध्यात आहे, अवश्य आत जा. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर (जन्म १८५६) कौलारू आहे. बाबांना तिथे वेळ लागेल, घाई करू नका. मुलीसाठी झाडगावचं मत्स्यालय आहे, देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहून मुलं थक्क होतात. ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून रिक्षाने पाच-दहा मिनिटांवर आहेत. एका सकाळी दोन, फार तर तीन करा.

रत्नदुर्ग दुपारी चारनंतर. नालाच्या आकाराचा हा किल्ला तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टेकडीवर दीपगृह. गाडी बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांपाशी जाते, त्यामुळे आईंच्या गुडघ्यांना फक्त त्या पायऱ्यांचा त्रास. सावकाश चढल्या तर जमतात. तटावरून एका बाजूला बंदरातल्या नौका आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र असं एकाच जागी दिसतं, आणि गाव इथेच का वसलं हे त्या एका नजरेत कळतं. तटाला कठडा नाही, वारा जोरात असतो, मुलीला कडेला जाऊ देऊ नका. दीपगृह दुपारनंतर ठरावीक वेळेतच पाहता येतं, खाली विचारून घ्या.

तिसरा दिवस गणपतीपुळ्याचा. सुमारे पंचवीस किलोमीटर, आरे-वारे मार्गेच जा. सकाळी आठच्या आत निघालात तर ऊन पाठीमागून येतं आणि डाव्या हाताचा समुद्र निळा-हिरवा दिसतो. रस्ता टेकडीवर चढतो, तिथून खाली दोन पुळणी दिसतात, तिथे थांबा. पण गाडी वळणावर उभी करू नका. पुळ्याच्या देवळात लवकर पोचलात तर दर्शन शांतपणे होतं. टेकडी हीच देवाचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा टेकडीला असते, सुमारे एक किलोमीटर, फरसबंद वाटेने. पलीकडे मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे. कवितेत रस असेल तर अर्धा तास द्या. दुपारी परत फिरा. संध्याकाळी तिथल्या किनाऱ्यावर उंट, घोडे, वाळूवर धावणाऱ्या गाड्या आणि माणसं यांतून समुद्र शोधावा लागतो, आणि हे मला मनापासून खटकतं. मुक्काम शहरात करा असं म्हणण्याचं एक कारण हेही आहे.

चौथ्या दिवशी रात्रीची गाडी असेल तर दक्षिणेला जा. भाट्याचा पूल ओलांडून पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, तिथली शांतता आईबाबांना आवडेल. जवळ गणेशगुळे. ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ अशी इकडे म्हणच आहे, आणि किनारा अजून बराच निवांत आहे. पुढे पूर्णगडचा छोटा किल्ला, मुचकुंदी खाडीच्या मुखावर.

ताकद उरली तर आणखी पुढे राजापूर तालुक्यातल्या कशेळीला कनकादित्याचं देऊळ आणि कातळशिल्पं आहेत. जांभ्या सड्यावर कोरलेली ही चित्रं प्रागैतिहासिक काळातली. ‘निसर्गयात्री’ संस्थेच्या मंडळींनी गावोगाव फिरून ती शोधली, आणि २०२२ मध्ये कोकणातल्या अशा नऊ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले आहेत. सड्यावर सावली नसते, म्हणून सकाळी नवाच्या आत किंवा चारनंतरच. रेषांवर पाय ठेवायचा नाही, खडूने त्या रंगवायच्या नाहीत. कशेळी लांब वाटली तर शहराच्या ईशान्येला उक्षी आहे, तिथला हत्ती ग्रामस्थांनी भोवती गडगा घालून जपला आहे.

कोणी येऊ नये हेही सांगतो. रात्री बारापर्यंत संगीत, पोहण्याचा तलाव, किनाऱ्यावरच खाट टाकून दिवसभर पडून राहणं, असं हवं असेल तर रत्नागिरी तुमच्यासाठी नाही. इथे नऊनंतर रस्ते रिकामे होतात. काही किनाऱ्यांवर कचरा दिसेल. हॉटेलांची सेवा सावकाश आहे. पण समुद्रावर पोट भरणारं, त्याच्या वेळापत्रकाने उठणारं-झोपणारं शहर मुलीला दाखवायचं असेल तर महाराष्ट्रात याच्याइतकं सोयीचं दुसरं मला माहीत नाही. मोठी रुग्णालयं हाताशी, रिक्षा केव्हाही, बाजार चालत जाण्याच्या अंतरावर. वयस्कर माणसं बरोबर असताना याचं मोल फार आहे.

पावसाळ्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या वेळेसाठी: इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत किनाऱ्यावर पाय ठेवण्यात अर्थ नसतो. सड्यावरची रानफुलं पाहायची तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. शिमग्यात शहराचं ग्रामदैवत श्री देव भैरी याची पालखी निघते. तेव्हा शहराचा उत्साह वेगळाच असतो, मात्र खोली फार आधी धरावी लागते.

येण्याचं: वयस्करांना महामार्गाने आणू नका, रेल्वेने आणा. ठाण्याला जनशताब्दी, मांडवी आणि रात्रीची कोकणकन्या थांबतात. येताना दिवसाची गाडी घ्या. वाशिष्ठीचं खोरं, मग उक्षी सोडलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आणि त्यातून बाहेर पडल्यावर भोके गेलं की रत्नागिरी. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी उघडतं, त्याच वेळी तिकीट काढा, कारण डिसेंबरच्या जागा लगेच संपतात. आईबाबांसाठी खालचे बर्थ मागा. स्टेशन कुवारबावकडे, शहरापासून सहा-सात किलोमीटरवर आहे, रिक्षा मिळतात, भाडं आधी ठरवा. शहरात गाडीची रोज गरज नाही. पुळ्याच्या आणि पावसच्या दोन दिवसांपुरती चालकासह भाड्याने घ्या, बाकी रिक्षा पुरे. खोली मांडवी किंवा थिबा पॉइंटच्या बाजूला बघा आणि ठरवताना तीन गोष्टी फोनवर विचारा: खोली तळमजल्यावर आहे का किंवा लिफ्ट आहे का, पहाटे सहाला चहा मिळेल का, आणि दुपारी दोननंतर जेवण मिळतं का. या तिन्हींना ‘हो’ असेल तर समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही, कारण तुम्ही दिवसा खोलीत असणारच नाही.

तारखा नक्की झाल्या की त्या दिवसांच्या तिथी कळवा. कुठल्या संध्याकाळी भाट्ये आणि कुठल्या दुपारी किल्ला, हे त्यावरून मी लिहून पाठवीन.